तोंड हलणारं पपेट : चेहऱ्यावर शिलाई दिसतेय आणि जबडा लुळा पडतोय

चिंधीवाली:
मुलांसाठी तोंडाची उघडझाप करणारं पपेट शिवतेय. आत फोमचं डोकं, वरून फ्लीस (लव असलेलं मऊ, ताणणारं कापड). आकार छान आलाय पण कपाळापासून नाकापर्यंत मधोमध मशीनची शिलाई आहे ती लांबून पण दिसते, अगदी ऑपरेशन झाल्यासारखी. आणि तोंडात पुठ्ठा घातलाय, चार वेळा उघडलं की हात सटकतो आणि खालचा जबडा लोंबायला लागतो. सगळं ग्लू गनने चिकटवलंय. कपडे शिवता येतात मला पण हे प्रकरणच वेगळं आहे. उसवू का सगळं?

सुईदोरा:
सगळं नको, फक्त चेहरा उसव. तिथे हातशिलाईच लागते. दोन्ही कडा शेजारी शेजारी धर, एका कडेत आतल्या बाजूने दोन-तीन मिलिमीटरचा टाका, मग बरोबर समोरच्या कडेत तेवढाच, असं शिडीसारखं जात राहायचं आणि थोड्या थोड्या टाक्यांनी दोरा ओढून घ्यायचा, कडा आपोआप आत वळतात. दोरा पॉलिस्टरचा घे, साधा सुती ओढताना तुटतो. शिवून झालं की सुईच्या टोकाने शिलाईवरची लव हलकेच उकरून वर काढ, त्यात टाके बुजतात. म्हणून तर फ्लीस वापरतात ना. आणि कापताना सगळे तुकडे ताणाच्या एकाच दिशेने कापलेस का बघ, नाहीतर एक गाल ओढलेला दिसतो.

खटपट्या:
पुठ्ठा काढ आधी. हाताच्या घामाने मऊ पडतो आणि घडीवर मोडतो. पातळ रबर शीट किंवा प्लॅस्टिकची शीट घे, वरचा आणि खालचा असे दोन वेगळे तुकडे कर, मध्ये बारीक फट सोडून मागून कापडाची पट्टी चिकटव, ती बिजागरी. मग वरच्या तुकड्याला चार बोटांसाठी इलॅस्टिकची पट्टी आणि खाली अंगठ्याला वेगळी. हे स्वतःचा हात घालूनच मापायचं. ग्लू गनचा गोंद थंड झाला की कडक होतो, फोम वाकला की सुटून येतो. त्यापेक्षा काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह, दोन्हीकडे लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. पण एकदा टेकलं की हलत नाही, आणि खिडक्या उघड्या ठेव, वास भयानक.

बाहुलीवेडी:
ग्लू गनला एवढी पण नावं ठेवू नका, केस न् टोपी लावायला मस्त आहे. मला डोळ्यांबद्दल सांगायचंय. आधी टाचणीने लाव आणि बुबुळं जराशी नाकाकडे सरकव, अगदी जराशी. बरोबर मध्ये ठेवलीस तर पपेट कुठे बघतंय तेच कळत नाही, फोनवर शूट करून बघ, लगेच लक्षात येईल. महागडे डोळे लागत नाहीत हां, अमेरिकन पपेट कलाकार जिम हेन्सनने १९५५ मध्ये पहिला कर्मिट (त्याचं पुढे बेडूक म्हणून गाजलेलं पपेट) आईच्या जुन्या कोटातून शिवला होता आणि डोळे म्हणजे टेबल टेनिसचा अर्धा अर्धा चेंडू!

चिंधीवाली:
उसवायला घेतलं 😀 केसांना फर आणलीये, कात्री लावली की कडेचे केस अर्धवट तुटतात, त्याचं काय?

सुईदोरा:
कात्री नाहीच. उलट बाजूने ब्लेडच्या टोकाने फक्त खालचं कापड चीर, केसांना लागू द्यायचं नाही, मग दोन्ही बाजू हाताने हळू वेगळ्या कर. आणि हे घराबाहेर कर, नाहीतर आठवडाभर केस वेचत बसशील.