मदत हवी आहे: मेंदूची रचना आणि कार्य शिकताना क्रम कसा ठेवावा?

नमस्कार मंडळी,

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, मेंदूविषयी आवडीने शिकतेय. मोठा मेंदू, लहान मेंदू, मेंदूचा देठ आणि मोठ्या मेंदूचे चार लोब (म्हणजे त्याचे चार मोठे विभाग) एवढं आता न बघता काढता येतं. अडतंय ते त्याच्या पुढे.

बहुतेक आकृत्यांत प्रत्येक भागाला एक रंग आणि एक काम दिलेलं असतं. मागचा भाग पाहण्यासाठी, बाजूचा ऐकण्यासाठी, पुढचा विचारासाठी. हे पाठ होतं, पण खरी उदाहरणं समजून घ्यायला पुरत नाही.

स्मरणशक्तीचंच घ्या. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये हेन्री मोलेसन यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूच्या आत खोलवर असलेला, स्मृतीशी जोडलेला भाग) बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनात. पण आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर दिवसागणिक त्यांचा हात बसत गेला, आधी कधी हे केल्याचं आठवत नसतानाही! मग 'हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृतीचं केंद्र' एवढंच लिहून कसं भागेल?

म्हणून मला वाटतं, भागांची यादी बाजूला ठेवून एकेका कामाची वाट धरावी. दृष्टीची वाट मी अशीच शिकले. डोळ्याच्या पडद्यावरून निघालेले तंतू मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. तिथे प्रत्येक डोळ्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागातले तंतू बाजू बदलतात, कानाकडचे त्याच बाजूला राहतात. पुढे थॅलॅमस (मेंदूच्या मध्यभागचं, संदेश पुढे पाठवणारं ठाणं), आणि शेवटी मागचा ऑक्सिपिटल लोब. त्यामुळे समोरच्या दृश्याची डावी बाजू, ती कुठल्याही डोळ्याने पाहा, उजव्या अर्धगोलात पोचते. उजवीकडच्या ऑक्सिपिटल लोबला इजा झाल्यावर डावा डोळा आंधळा न होता दोन्ही डोळ्यांना डावीकडचं का दिसत नाही, हे आता पाठ करावं लागत नाही.

जाणकारांना विचारायचंय की यानंतर कोणती वाट घ्यावी? हालचालींची घेतली तर तंतू लंबमज्जेत (मेंदूच्या देठाचा सर्वांत खालचा भाग) बाजू बदलतात ते कळेल. भाषा मला जास्त खुणावते, कारण एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर ब्रोका आणि वेर्निके यांच्या रुग्णांमुळे बोलणं आणि समजणं वेगवेगळं बिघडू शकतं हे दिसलं. पण पाया कच्चा असताना भाषेकडे वळणं घाईचं होईल का? शिवाय, रक्तवाहिन्या आत्ताच शिकाव्यात की नंतर?

आणि लहान मेंदूचं कोडं कुणीतरी सोडवा. मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज तिथे आहेत, तरी जन्मतः लहान मेंदू नसलेली माणसंही चालण्या-बोलण्यातल्या अडचणींसह जगलेली आहेत. एवढ्या पेशी तिथे नेमकं काय करतात, हे पायरीपायरीने समजवाल का?