रशियनची सुरुवात छोट्या गोष्टींपासून करावी का?

निळी शाई
रशियन शिकू पाहणाऱ्या नवख्याला बहुतेक जण एकच सल्ला देतात: आधी ३३ अक्षरं, मग सहा विभक्त्या, मग क्रियापदांची रूपं, आणि हे सगळं पक्कं झालं की वाचन. मला हा क्रम पटत नाही. अक्षरं लागायला लागली, भूतकाळाची जुजबी ओळख झाली की लगेच छोटी गोष्ट हातात घ्यावी. विभक्त्यांचे तक्ते वाचताना अडलं की उघडावेत. गोष्टीआधी पाठ करत बसू नये.

टॉलस्टॉयने शेतकऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी १८७२ साली ‘आझ्बुका’ काढलं आणि पुढेही मुलांसाठी वाचनपुस्तकं लिहिली. त्यांतली ‘कोस्तच्का’ (फळातली बी) ही गोष्ट जेमतेम पानभर आहे. पहिलं वाक्य असं: ‘कुपिला मात स्लिव इ खत्येला इख दात द्येत्यम पोस्ले अब्येदा.’ आईने आलुबुखार विकत आणले होते आणि जेवणानंतर ते मुलांना द्यायचे असं तिच्या मनात होतं. शब्द फक्त दहा. ‘स्लिव’ हे ‘स्लिवा’चं षष्ठीचं अनेकवचन, शेवटचा ‘आ’ गळालेला. ‘द्येत्यम’ म्हणजे मुलांना, चतुर्थी. ‘पोस्ले’नंतर ‘अब्येद’चं ‘अब्येदा’ झालं, पुन्हा षष्ठी. दोन ओळी पुढे वान्याने कधीच आलुबुखार खाल्ले नव्हते, तिथे ‘न्ये येल’. खोलीत कुणी नाही बघून एक उचलून खाऊन टाकतो, तिथे ‘स्-येल’. रशियन क्रियापदांच्या ज्या जोड्यांना (एक रूप नुसत्या क्रियेसाठी, दुसरं पूर्ण झालेल्या क्रियेसाठी) सगळे घाबरतात, त्यातली एक इथे लहान मुलाच्या तोंडाला सुटलेल्या पाण्यातून कळते. तक्ता हे करू शकत नाही.

कडुनिंब
पूर्ण असहमत. तुम्हाला ‘स्लिव’ फोड करून सांगता आलं, कारण तुम्हाला षष्ठी आधीच येते. नवखा माणूस शब्दकोशात ‘आलुबुखार’ एवढाच अर्थ बघतो आणि पुढे जातो. प्रत्ययाकडे बघायची त्याला गरजच पडत नाही, कारण आईच आलुबुखार आणणार, आलुबुखार आईला थोडेच आणणार आहेत! गोष्ट जितकी सोपी, तितकं अंदाजाने भागतं, आणि प्रत्यय नजरेखालून निसटत राहतात.

रशियनमध्ये ही चैन फार काळ चालत नाही. ‘मामा ल्यूबित दोच्कु’ म्हणा नाहीतर ‘दोच्कु ल्यूबित मामा’, दोन्हीचा अर्थ एकच: आईचं मुलीवर प्रेम आहे. कोण कोणावर, हे शब्दांचा क्रम सांगत नाही, ‘दोच्का’चं ‘दोच्कु’ झालं ते सांगतं. अंदाजाने वाचायची सवय लागलेल्याला बोलायची वेळ आली की सगळ्या नामांची मूळ रूपंच तोंडात येतात. मग ती सवय मोडायला दुप्पट मेहनत.

निळी शाई
@कडुनिंब, धोका खरा आहे, पण उपाय गोष्ट सोडण्यात नाही. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावी आणि दर वेळी एकच गोष्ट शोधावी: या खेपेला फक्त षष्ठी, पुढच्या खेपेला फक्त क्रियापदं. पान छोटं असल्यामुळे हे जमतं, कादंबरीत जमणार नाही.

दुसरं, तक्त्यात सहाही विभक्त्या एका रांगेत उभ्या असतात. वापरात तसं नसतं. षष्ठी रशियनमध्ये पावलोपावली भेटते: नकारानंतर, संख्येनंतर, ‘पोस्ले’सारख्या कितीतरी शब्दांनंतर. कशावर आधी जोर द्यायचा, ते गोष्ट दाखवते. शिवाय मराठी वाचक कोऱ्या पाटीने येत नाही. तीन लिंगं आपल्याकडे आहेतच, आणि घर या शब्दाचं ‘घरा’ झाल्याशिवाय आपण ‘ला’ लावत नाही. शब्दाचं रूप बदललं म्हणून आपण बिचकत नाही.

पायवाट
दोघंही डोळ्यांनी वाचण्याबद्दल बोलताय. आघाताचं काय? छापील रशियनमध्ये शब्दातल्या कुठल्या स्वरावर जोर द्यायचा ते दाखवलेलं नसतं, आणि जोर नसलेला ‘ओ’ हा ‘अ’सारखा उच्चारला जातो. लिहिलेलं ‘मोलोको’ (दूध), म्हणायचं ‘मलाको’. त्याच अक्षरांचं ‘झामक’ म्हटलं तर किल्ला, ‘झमोक’ म्हटलं तर कुलूप. ‘यो’ या अक्षरावरचे दोन ठिपकेही पुस्तकांत सहसा गाळतात, त्यामुळे ते ‘ये’ आहे की ‘यो’ हे आधी माहीत असावं लागतं. मनातल्या मनात चुकीचा उच्चार घोकला की तोच जिभेवर बसतो. माझी अट एकच: आघातचिन्हं असलेला मजकूर आणि जोडीला कुणीतरी रशियन माणसाने वाचलेलं ध्वनिमुद्रण. ते नसेल तर त्या गोष्टीला हात लावू नये.

निळी शाई
@पायवाट, शंभर टक्के सहमत. हे मूळ धाग्यातच यायला हवं होतं.

गोगलगाय
माझा आक्षेप निवडीवर आहे. त्याच ‘कोस्तच्का’मध्ये खोलीला ‘गोर्नित्सा’ म्हटलंय. आज रोजच्या बोलण्यात खोली म्हणजे ‘कोम्नता’. पहिल्याच पानावर नवखा जुना शब्द पाठ करणार.

चेखॉवपासून सुरुवात करणारे तर त्याहून अडचणीत येतात. कथा दोन-तीन पानांची म्हणून भाषा सोपी असते असं नाही. त्याच्या १८८३ सालच्या ‘जाडा आणि बारीक’ या कथेत दोन जुने शाळूसोबती भेटतात. समोरचा किती मोठा अधिकारी झालाय हे कळताच बारीक माणूस ‘तू’वरून ‘तुम्ही’वर येतो आणि शब्दांना आदरार्थी ‘स’ जोडायला लागतो. कथेचं सगळं दुखणं त्या एका ‘स’मध्ये आहे. नवख्याला तो छापखान्याची चूक वाटेल.

त्यापेक्षा सोप्या केलेल्या गोष्टी घ्या. रशियाच्या भाषा परीक्षेत पहिल्या पायरीला साधारण ७८०, दुसरीला १३०० आणि तिसरीला २३०० शब्द अपेक्षित असतात. सेंट पीटर्सबर्गच्या ‘झ्लातोउस्त’ प्रकाशनाची वाचनपुस्तकं अशा शब्दसंख्येच्या हिशेबाने बेतलेली असतात. भाषा शिकवण्याच्या अभ्यासात पॉल नेशन यांचं काम प्रसिद्ध आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार कुणाच्या मदतीशिवाय नीट समजण्यासाठी ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. टॉलस्टॉयच्या एका ओळीतच नवख्याला चार-पाच शब्द अडतील. याला वाचन कसं म्हणायचं?

निळी शाई
@गोगलगाय, ते ९८ टक्के एकट्याने, मदतीशिवाय वाचण्यासाठी आहेत. मी भाषांतर शेजारी ठेवून वाचण्याबद्दल बोलतोय. चेखॉव नवख्यासाठी नाही, हे मान्य. पण सोप्या केलेल्या पुस्तकांत बऱ्याचदा फक्त कथानक उरतं, आणि तेच पान दहाव्यांदा वाचायला माणूस परत येत नाही. टॉलस्टॉयच्या या गोष्टी मुळातच वाचायला शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या आहेत, कुणी कापून लहान केलेल्या नाहीत.

कडुनिंब
आणि इथेच तुमचा मुद्दा घसरतो. त्या गोष्टी रशियन मुलांसाठी लिहिल्या होत्या. सात वर्षांच्या रशियन मुलाला सहाही विभक्त्या कानाने येतात, ‘येल’ आणि ‘स्-येल’ यांत तो कधी चुकत नाही. त्याला येत नसतात ती अक्षरं. आपल्याला अक्षरं येतात आणि बाकी काहीच येत नाही. टॉलस्टॉयने ज्याला अवघड मानलं ते आपल्याला सोपं, आणि ज्याचा त्याने विचारही केला नाही तेच आपलं मुख्य दुखणं.

निळी शाई
बिनतोड मुद्दा आहे. पण त्यातून ‘गोष्ट नको’ असं निघत नाही, ‘गोष्ट एकट्याने नको’ असं निघतं. त्या मुलाजवळ कान होता. मोठ्या माणसाजवळ भाषांतर आणि ध्वनिमुद्रण आहे, आणि ‘ही षष्ठी’ असं एकदा दाखवलं की पुढची षष्ठी तो स्वतः ओळखतो. त्यासाठी आधी तीन महिने तक्ते घोकायला लावलेत, तर रशियन आवडायच्या आतच माणूस गळतो. मला ती गळती थांबवायची आहे.

कडुनिंब
मी तीन महिने म्हणत नाही. निदान एकवचनातल्या सहा विभक्त्या आणि क्रियापदांच्या जोड्यांची कल्पना, एवढं तरी आधी हवं. त्याखाली मी येणार नाही.

मध्यरात्र
अक्षरं येतात, ‘कोस्तच्का’ आजच शोधून वाचायला घेतेय, ध्वनिमुद्रणासकट. त्यानंतर काय घेऊ?

निळी शाई
@मध्यरात्र, ‘फिलिपोक’. शाळेत जायचा हट्ट धरणाऱ्या लहान मुलाची गोष्ट. ‘कोस्तच्का’पेक्षा लांब आहे, पण वाक्यं छोटी आहेत.

कडुनिंब
@मध्यरात्र, आधी रशियनमधली ‘जाणे-येणे’ची क्रियापदं बघून घ्या, त्या गोष्टीत ती ठासून भरलीत. आणि शेवटाकडे मास्तर त्याला नावाची अक्षरं जुळवायला सांगतात तिथे तो ‘ख्वे-इ-ख्वी, ले-इ-ली, प्ये-ओक-पोक’ म्हणतो. ती जुनी पद्धत आहे आणि ‘फ’च्या जागी गावाकडचा ‘ख्व’ आहे. ते पाठ करू नका. अडलं तर इथेच विचारा.