हिरवं दिसलं म्हणजे जमीन सावरली? कोळसा खाणींच्या पाहणीवर चर्चा

माळवी_माती (इंदूर)
कोळसा खाणींची सिंगरौली आपल्यापासून लांब असली तरी राज्य एकच, मध्य प्रदेश, म्हणून इथे विचारतो. कोल इंडियाच्या ज्या उघड्या खाणीतून कोळसा आणि ओबी, म्हणजे कोळशावरचा काढून टाकलेला दगडमातीचा थर, मिळून वर्षाला ५० लाख घनमीटरच्या वर निघतो, तिथली जमीन किती सावरली हे सीएमपीडीआय, म्हणजे कोल इंडियाचीच नियोजन संस्था, दरवर्षी सॅटेलाइट चित्रावरून तपासते. लहान खाणींचं तीन वर्षांनी. त्यातून ‘इतके हेक्टर भराव, इतके हेक्टर झाडं’ असा आकडा निघतो; भराव म्हणजे ओबीने भरून काढलेली जमीन. खाण बंद करताना लागणारे पैसे कंपनीला एस्क्रो, म्हणजे राखीव, खात्यात अडकवून ठेवावे लागतात; २०१३ च्या खाणबंदी सूचनांत त्यातले ८० टक्क्यांपर्यंत पैसे दर पाच वर्षांनी, काम पाहून, मोकळे करायची सोय होती. हे ‘काम पाहणं’ हिरव्या रंगावर भागवू नये. खड्डा खणून बघितल्याशिवाय पैसा सोडू नये, असं माझं मत.

वरून_बघणारा
फावडं घेऊन किती हेक्टर फिरणार? माणूस जीप जाते तिथवरच जातो, आणि त्या रस्त्याकडेची झाडं आदल्या आठवड्यात चुना-गेरू लावून तयार असतात. चित्राला रस्ता लागत नाही. गवताने फसवणूक होते म्हणाल, तर मे महिन्याचं चित्र घ्या. गवत वाळलेलं असतं, उरतं ते झाडच.

माळवी_माती
मे महिन्यात साग उघडाबोडका असतो हो! म्हणजे देशी साग लावणाऱ्याला कमी गुण आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ठोकणाऱ्याला जास्त. चित्रच चुकीच्या झाडाला बक्षीस देतंय.

आता खाली काय असतं ते सांगतो. भरावावरून शंभर-शंभर टनांचे डंपर फिरलेले असतात, माती दगडासारखी दाबली जाते. त्यात ४५ सेंटिमीटरचा खड्डा घेऊन चांगली माती भरतात आणि रोप लावतात. ही जमिनीत पुरलेली कुंडीच झाली. दोन-तीन वर्षं रोप झकास वाढतं, मग मुळं भिंतीला टेकतात, आडवी वळतात, वाढ थांबते. वरून तेव्हाही हिरवंच दिसतं. झाडापासून हातभर अंतरावर ६० सेंटिमीटर खोल खणा, मुळं वळलेली आहेत का ते डोळ्यांनी बघा. मातीची घनता घनसेंटिमीटरला १.६-१.७ ग्रॅमच्या वर गेली तर बहुतेक मुळांना आत शिरणं जड जातं.

प्रयोगशाळा_जुनी
एक भर घालते. लॅबचा कागद आला म्हणून हुरळू नका. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, मोजायची नेहमीची पद्धत डायक्रोमेट या रसायनाची. मातीत कोळशाचा चुरा असला तर त्यातलाही काही कर्ब ती मोजते. नमुना भट्टीत जाळून वजनातली घट मोजली तर आणखी वाईट, कोळसा सगळाच जळतो. चार वर्षांच्या भरावावर २-३ टक्के कर्ब दाखवला की आधी नमुना भिंगाखाली धरा. काळे चमकते कण दिसले तर तो कागद बाजूला ठेवा.

उतार_२८
तुमचा दोघांचा वाद झाडावर अडकलाय, ढीग घसरला तर झाड काय करणार? पर्यावरण मंजुरीत डंपचा, म्हणजे ओबीच्या ढिगाचा, एकूण उतार साधारण २८ अंशांपर्यंत मागतात. नुसता ओतलेला ओबी ३७ अंशांच्या आसपास उभा राहतो, म्हणजे उतार कमी करायला यंत्र चालवावंच लागतं आणि नेमकं तिथेच हात आखडतो. पहिल्या दणक्याच्या पावसानंतर जा. माथ्यावर कडेला समांतर भेगा, पायथ्याशी फुगवटा, बोटभर ओघळीची हातभर घळ झालेली, गाळाने बुजलेली गारलँड नाली (ढिगाभोवतीची पाण्याची चर): यातलं एक दिसलं तरी रोपांची मोजणी नंतर. आणि पहाटे फिरा. सगळीकडे दव आणि एखादाच पट्टा कोरडा, वर गंधकाचा वास, तर आत कोळसा तापलाय.

राजवाडा_ते_सराफा
एवढं काय अवघड आहे भिया? आपल्या इंदूरच्या देवगुराडिया कचरा डेपोत १३ लाख टनांच्या आसपासचा जुना कचरा २०१८ मध्ये साफ केला, जमीन मोकळी झाली.

उतार_२८
तिथे कचरा चाळून उचलला, खाली मूळची जमीन होतीच. इथे ढीग उचलत नाहीत, ढीग हीच नवी जमीन. मूळची वरची माती वेगळी, कमी उंचीवर रचून लवकर पसरली नसेल तर ती परत मिळत नाही. उंच ढिगात वर्षानुवर्षं पडली की आतले जिवाणू गुदमरतात.

वरून_बघणारा
मान्य, खड्डे घ्या. पण जागा पाहणाऱ्याने निवडायची नाही. चित्रावर चौकड्या आखा, चिठ्ठ्या टाका, निघेल तिथे खणा. नाहीतर पुन्हा जीपच्या रस्त्यालगतचेच खड्डे.

माळवी_माती
चिठ्ठ्या चालतील. त्यासोबत मेलेल्या रोपांच्या जागी नवी किती लावली त्याचीही नोंद मागा. ‘जगण्याचं प्रमाण ९० टक्के’ लिहिलेलं असतं, त्यातली अर्धी रोपं गेल्या जुलैचीही असू शकतात. चित्रावरून पैसे सोडायला मात्र माझा नकारच.