३९ आठवड्यांना कळा आणल्या तर सिझर वाढतं का? तुलना कोणाशी करू?

गुहागरची सीएचओ (उपकेंद्रावरची समुदाय आरोग्य अधिकारी)
नमस्कार. प्रोजेक्टसाठी उपकेंद्रांच्या रजिस्टरांतून पहिलटकरणींच्या नोंदी काढल्या आहेत. ३९ आठवडे भरल्यावर औषध देऊन कळा आणलेल्या एका गटात, त्याच आठवड्यात आपसूक कळा येऊन बाळंत झालेल्या दुसऱ्या गटात. पहिल्या गटात सिझर जास्त दिसतंय. औषधामुळेच सिझर वाढतं, असा निष्कर्ष लिहू का? इथल्या सासवांचं तेच म्हणणं आहे आणि सुना घाबरतात, म्हणून विचारतेय.

पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) डॉक्टर, रत्नागिरी
ताई, तसं लिहू नका. जिला आपसूक कळा आल्या, तिच्या पिशवीचं तोंड तयार होत आलेलं असतं. औषध द्यायचं की नाही हे ठरवताना समोरच्या बाईला कळाच नसतात. तिच्यापुढे दोनच वाटा: औषध घेणं किंवा थांबणं. थांबलेल्यांत कुणी दोन दिवसांत बाळंत होते, कुणाचे ४१ आठवडे उलटतात, कुणाचं बीपी वाढतं, कुणाला शेवटी औषध द्यावंच लागतं. त्या सगळ्या तुमच्या दुसऱ्या गटात हव्यात.

अमेरिकेतल्या ‘अराइव्ह’ चाचणीत असंच केलं होतं. कमी जोखमीच्या ६,१०६ पहिलटकरणी, कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. २०१८ साली निकाल छापून आला: औषध दिलेल्यांत सिझर १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२ टक्के. बाळांच्या मृत्यूत वा गंभीर त्रासात ठोस फरक निघाला नाही. पण हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नका. रात्री सिझरची वेळ आली तर आपल्याकडे गाडी शोधण्यापासून सुरुवात असते.

निवृत्त एएनएम (आरोग्यसेविका), देवगड
बाय, आधी आठवडे कशावरून धरलेत ते बघ. शेवटची पाळी कधी आली विचारलं की बाई सांगते, “पालखी आमच्या दारात आली त्याच्या आदल्या दिवशी.” शिमग्याची पालखी वाडीवाडीत वेगळ्या दिवशी फिरते! मग कार्डावर अंदाजाने १५ तारीख पडते आणि ३७ भरलेली बाई ३९ची होऊन बसते. ३७-३८ला आता अर्ली टर्म (मुदतीच्या जरा आधी) म्हणतात, ३९-४०ला फुल टर्म (पुरती मुदत), आणि त्या दोन आठवड्यांनी बाळाच्या श्वासात फरक पडतो. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असलेल्या नोंदी वेगळ्या काढ, त्यांचाच भरवसा धर.

गुहागरची सीएचओ
आभारी आहे काकू, डॉक्टर. एक अडचण आहे. थांबलेल्यांपैकी कितीतरी जणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जातात, कुणी लांज्याला, कुणी मुंबईला. पुढचं काहीच आमच्या रजिस्टरात नसतं.

पीएसएम डॉक्टर, रत्नागिरी
आरसीएच नंबरावरून (गरोदर बाईच्या सरकारी नोंदणीचा नंबर) शोधा, आशाताईंना घरी फोन करायला सांगा. तरीही सुटतील त्यांना गुपचूप गाळू नका. किती सुटल्या ते तक्त्यात दाखवा. आणि मृतजन्मांचं कोष्टक करणार असाल तर भाजक जपा. ४१व्या आठवड्यातल्या मृतजन्मांना त्या आठवड्यातल्या बाळंतपणांनी भागायचं नाही. तो आठवडा लागताना ज्या ज्या बाईच्या पोटात बाळ होतं, त्या सगळ्या भाजकात धरा.