मदत हवी आहे: घरी बनवलेल्या पीसीबी मिलिंग मशीनवर काही ट्रॅक बारीक होऊन उडतात

सोल्डरवाली:

नमस्कार मंडळी,

पाच महिने खपून एक छोटं मिलिंग मशीन उभं केलंय, कोऱ्या कॉपर क्लॅडवर (तांब्याचा पातळ थर असलेल्या बोर्डावर) सर्किट कोरायला, म्हणजे पीसीबी बनवायला. चालतंय, पण भरवशाचं नाही. आता माझी अक्कल संपली म्हणून इथे लिहितेय.

इचलकरंजीत आमचं यंत्रमागाची पॅनेलं दुरुस्त करायचं दुकान आहे. जुन्या मागांवरचा एखादा बोर्ड जळाला की तो बाजारात मिळत नाही, मग जुना समोर ठेवून मी नवा काढते. आजवर टोनरचा छाप इस्त्रीने बोर्डावर उतरवायचा आणि बाकीचं तांबं फेरिक क्लोराइडने विरघळवायचं, असाच कारभार होता. मोरीच्या फरशीवर त्याचे जे पिवळे डाग पडलेत, ते आई अजून पाहुण्यांना दाखवते. "बाहेरून करून घे की, स्वस्त पडतात," असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगते: गिऱ्हाइकाचा माग बंद पडलेला असतो. त्याला बोर्ड उद्या सकाळी हवा असतो.

मशीनचा सांगाडा १८ मिमी मरीन प्लायचा. १२ मिमीचे स्मूथ रॉड, त्यावर एलएम१२यूयू बेअरिंग. तिन्ही अक्षांना नेमा १७ स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेपांनी फिरणारी) आणि एम८चा साधा थ्रेड रॉड. पितळी नट काकांनी त्यांच्या लेथवर काढून दिले. कामाची जागा १६० बाय १०० मिमी, म्हणजे एक युरोकार्ड मावतं. स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या भागाला) ७७५ मोटर आणि बिट पकडायला ईआर११ कोलेट. मशीनचा मेंदू आर्डुइनो उनो, त्यावर सीएनसी शील्ड, मोटर चालवायला ए४९८८ ड्रायव्हर, आत जीआरबीएल १.१ (मोटरना हुकूम देणारं सॉफ्टवेअर). कायकॅडमधून गर्बर (बोर्डाच्या नकाशाची फाइल) काढते, फ्लॅटकॅममध्ये जी-कोड (मशीनला द्यायच्या हालचालींची यादी) बनवते आणि बीसीएनसीवरून मशीन चालवते. सगळंच मुक्त स्रोत. माझी ड्रॉइंगही नीट जमली की तशीच खुली करणार आहे.

स्टेप्सचा हिशेब असा: मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, गुणिले १६ मायक्रोस्टेप, भागिले १.२५ मिमी पिच, म्हणजे मिलिमीटरला २५६०. जीआरबीएलच्या $१०० आणि $१०१ ह्या एक्स-वायच्या सेटिंगला तोच आकडा आहे. वेग मिनिटाला ५०० मिमीच्या वर नेत नाही, कारण जीआरबीएल सेकंदाला ३०,००० स्टेपच्या आसपास दमतं आणि माझ्या रॉडवर ती हद्द ७०० मिमीलाच येते.

आता दुखणं. बिट कोरतं ती रेघ, आणि दोन रेघांमध्ये तांबं उरतं तो ट्रॅक. बिट ३० अंशांचं व्ही (टोकाकडे निमुळतं), टोक ०.१ मिमी, खोली ०.०८ मिमी. जाड ट्रॅकचे बोर्ड मस्त येतात. पण ट्रॅक ०.५ मिमीचा ठेवला की काही ठिकाणी त्याचा धागा होतो. आयसीच्या दोन पायांमधून जाणारा एक तर परवा चक्क सोलून निघाला.

करून पाहिलेल्या गोष्टी: कोपऱ्या-कोपऱ्यात उंचीचा ०.२२ मिमी फरक होता, तर दर १० मिमीवर प्रोब टेकवून उंची मोजली आणि ऑटोलेव्हल केलं, म्हणजे बिट तो चढउतार धरून चालतं. फरक पडला, पण दुखणं राहिलं. तीन नवी बिटं लावली. फीड (कोरताना सरकायचा वेग) १२०वरून ६०वर आणला. एक्सवर १०० मिमी चालवून व्हर्नियरने मोजलं तर बरोबर १०० भरतात, म्हणजे यांत्रिक भाग ठीक असावा. मोठा स्पिंडल घ्यायला पैसे बाजूला काढलेत, पण त्याआधी विचारावं म्हटलं.

आणि एक. स्पिंडल सुरू केला की मध्येच यूएसबी तुटतं. ते वेगळं की ह्याच्याशीच जोडलेलं?

---

खडखडाट:

स्पिंडल बदला. बऱ्याच ७७५ मोटरना साधी बेअरिंग असतात आणि त्यावर चढवलेला कोलेट हमखास डगमगतो. बिट स्वतःभोवती न फिरता घागरीसारखं गरगरतं आणि रेघ फुगते. माझ्याकडे हेच होतं.

---

बुधवारपेठी:

यूएसबीचं दुखणं वेगळं आहे. मोटरचे ब्रश ठिणग्या टाकतात, तो सगळा गोंगाट वायरीतून आर्डुइनोत जातो. मोटरच्या दोन टोकांवर, अगदी अंगालगत, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. स्पिंडलच्या वायरी पिळून घ्या आणि स्टेपरच्या वायरींपासून लांब न्या. जमलं तर स्पिंडलला वेगळा सप्लाय द्या. यूएसबी केबल आखूड आणि शील्डेड हवी. मोबाइलसोबत आलेली नको.

ट्रॅकबद्दल: बोर्ड कडांना क्लॅम्प केलाय का? तसं केलं की मधला भाग फुगतो. खाली दुहेरी टेप लावून सपाट बसवा आणि प्रोब ५ मिमीवर टेकवा.

---

आटेवाला:

ताई, काही विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी मोजून सांगा. एक, कोरलेल्या रेघेची रुंदी बोर्डाच्या चारही भागांत किती भरते. दोन, बारीक होणारे ट्रॅक कुठल्या दिशेचे आहेत, एक्सला समांतर की वायला. "काही ठिकाणी" ह्या शब्दांवर टूलरूममध्ये आमचे फोरमन पार्ट परत फेकायचे.

---

सोल्डरवाली:

टेप लावूनच बसवलाय, बुधवारपेठी. कपॅसिटर आज लावला, दोन तास झाले, यूएसबी तुटलं नाही. धन्यवाद!

आटेवाला काका, दुकानातल्या यूएसबी मायक्रोस्कोपखाली मोजलं. रेघ सगळीकडे साधारण ०.१७ मिमी. आणि तुम्ही विचारलंत म्हणून पहिल्यांदाच ह्या नजरेने पाहिलं: एक्सला समांतर, म्हणजे आडवे ट्रॅक ०.४५ भरतात. वायला समांतर असलेले सगळे उभे ट्रॅक ०.३१. एकही अपवाद नाही. तो सोललेलाही उभाच होता.

---

आटेवाला:

मग पैसे बाजूलाच राहू द्या.

तुमच्या बिटची रेघ किती रुंद यायला हवी ते आधी बघू. टोक ०.१, त्यात दोनदा खोली गुणिले १५ अंशांचा टॅन मिळवायचा. ०.१ अधिक २ × ०.०८ × ०.२६८, म्हणजे ०.१४३. तुमची ०.१७ येते. स्पिंडल डगमगतो, पण इतकाच. आणि डगमगणारा स्पिंडल रेघ सगळ्या दिशांना फुगवतो, तो उभं-आडवं ओळखत नाही. उंचीत गोंधळ असता तर बोर्डाच्या एका भागात रेघ रुंद आणि दुसऱ्यात अरुंद आली असती. तीही सगळीकडे सारखी आहे. म्हणजे लेव्हल आणि स्पिंडल दोन्ही सुटले.

राहिला एक्सचा प्ले, म्हणजे रॉडच्या जोडणीतली ढिलाई, बॅकलॅश. ट्रॅकची उजवी कड कोरायला बिट उजवीकडे सरकत येतं, डावी कड कोरायला डावीकडे सरकत. दिशा उलटली की मोटर फिरते, पण प्ले संपेपर्यंत गाडी (मशीनचा सरकता भाग) जागची हलत नाही. त्यामुळे डावी रेघ हवी त्याहून उजवीकडे पडते, आणि जितका प्ले तितका ट्रॅक खाल्ला जातो. आडव्या ट्रॅकच्या कडा वाय ठरवतो, म्हणून ते वाचले. ०.५ मधून रेघेच्या जादा रुंदीचे ०.०३ वजा करा, राहिले ०.४७. उभा ट्रॅक ०.३१, म्हणजे एक्सला सुमारे ०.१६ प्ले. वायला ०.०२.

१०० मिमीच्या चाचणीत हे दिसणार नाही, कारण तुम्ही एकाच दिशेने गेलात. काकांकडचा डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा) आणा. गाडी एकाच दिशेने दोन-तीनदा १ मिमी पुढे न्या, डायल शून्य करा, आणखी १ मिमी पुढे, मग १ मिमी मागे. काटा शून्यावर यायला हवा. जितका अलीकडे थांबेल तितका प्ले.

आणि जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सेटिंग नाही, ती शोधत बसू नका. पाना घ्या.

---

खडखडाट:

रेघ आणि ट्रॅक ह्यांत मी गल्लत केली. माझ्याकडे रेघच फुगत होती, तुमची तर जवळपास नीट आहे. स्पिंडलचा सल्ला मागे घेतो.

---

सोल्डरवाली:

डायल लावला. वाय ०.०२. एक्स ०.१५. काका, तुम्ही मशीन न बघता सांगितलंत!

पण पुढे अडलंय. एक्सच्या नटाला उभी खाच पाडली आणि बाजूने बोल्ट घालून आवळला, रॉड हाताने जेमतेम फिरेल इतका. तरी ०.१२ उरलाच. आणखी आवळला तर मोटर स्टेप गाळते.

---

आटेवाला:

नट सोडा आता. डायलचा टेकू गाडीवरून काढून थ्रेड रॉडच्या टोकावर लावा, आणि गाडी हाताने पुढेमागे ढकला. रॉड स्वतःच सरकतोय का?

---

सोल्डरवाली:

सरकतोय. ०.११!

आता लाज वाटतेय, पण सांगते. एक्सचा रॉड मी बसवला होता. एका टोकाला ६०८ बेअरिंगमधून नुसता आरपार घातलाय, दुसऱ्या टोकाला मोटरला जोडणारा स्प्रिंगसारख्या खाचांचा ॲल्युमिनियम कपलर. म्हणजे सगळा रेटा तो कपलर झेलतोय आणि तोच ताणला जातोय. वायचा रॉड काकांनी बसवला होता, त्याला बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना नट आहेत. तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "एवढे नट कशाला, दिसायला घाण दिसतं."

---

आटेवाला:

काकांना माझा नमस्कार सांगा.

तो कपलर फक्त फिरवण्यासाठी असतो, रेटा झेलायला नाही. मोटरच्या बाजूला उभ्या प्लायपट्टीत दोन ६०८ बसवा, पट्टीच्या एका अंगाला एक, दुसऱ्याला एक. बाहेरून दोन्हीकडे वॉशर आणि नट. वॉशर बेअरिंगच्या आतल्या रिंगलाच टेकला पाहिजे, बाहेरच्या रिंगला घासला तर गाडी जड होईल. हाताने फिरवत फिरवत आवळा. रॉड फिरताना किंचित घट्ट लागला की थांबा आणि प्रत्येक नटावर दुसरा नट चढवून लॉक करा. दुसरं टोक मोकळंच ठेवा, नुसता आधार पुरे. दोन्ही टोकांना आवळलंत तर रॉडचा वाक सगळा गाडीत येईल.

---

पाबळकर:

उशिरा आलो, मूळ प्रश्न सुटलेला दिसतोय. एक काळजीची गोष्ट विचारतो: बोर्ड एफआर४चा आहे का? त्यात काचेचे धागे असतात आणि ती पूड फुफ्फुसात जायला नको. एन९५ मास्क लावा. पूड फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. एफआर४ बिटही लवकर बोथट करतं. शक्य तिथे एफआर१ वापरा, कागद आणि फेनॉलिकचा. फॅब लॅबमध्ये (कुणालाही मशीनवर स्वतः वस्तू बनवता येते अशा कार्यशाळेत) मिलिंगला तोच चालतो आणि ट्रॅक कोरायला व्ही-बिटऐवजी १/६४ इंची सरळ एंडमिल, सुमारे ०.४ मिमीचं. खोली थोडी चुकली तरी रेघ तेवढीच राहते. मात्र तुमच्या त्या आयसीच्या पायांमधून ते जाणार नाही, तिथे व्ही-बिटच.

कधी वेळ काढून पाबळच्या विज्ञान आश्रमात चक्कर मारा. डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी एक तिथे २००२पासून आहे.

आणि ड्रॉइंग खुली करताना परवाना नक्की लिहा. जीआरबीएल जीपीएल ह्या मुक्त परवान्याखाली आहे, पण तो सॉफ्टवेअरचा. हार्डवेअरसाठी सर्न ओएचएल हा खुला परवाना बघा. नुसतं "फ्री आहे, घ्या" असं लिहिलं तर घेणाऱ्याला नक्की काय करता येतं ते कळत नाही.

---

सोल्डरवाली:

बोर्ड एफआर४च होता, आणि मी फुंकरच मारत होते. बंद केलं.

रविवारी दोन ६०८ बसवली. पहिल्यांदा जास्त आवळली, गाडी अडखळायला लागली, मग पाव फेरा सैल केला. एक्सचा प्ले आता ०.०३. तोच बोर्ड तीच फाइल घेऊन पुन्हा कोरला: आडवे ट्रॅक ०.४५, उभे ०.४४. आयसीमधला ट्रॅक शाबूत आहे, मल्टिमीटरने शेजारच्या पायांशी शॉर्टही तपासला, नाही. काल दुपारी तो बोर्ड मागावर चढला.

एक्सच्या टोकाचं ड्रॉइंग बदलून, परवाना लिहून, मग सगळं टाकते. दोन बाजूंचा बोर्ड पलटताना भोकं जुळवायला पिना कुठे ठोकायच्या हे अजून उमगलं नाहीये, त्याचा वेगळा धागा काढेन. काकांनी वायचे नट दाखवत एवढंच विचारलं, "आता दिसायला कसं दिसतंय?"