कोकमतेलाचं मलम रवाळ होतंय आणि बुरशीही आली. चुकतंय कुठे?

निफाडची_थंडी
टाचांच्या भेगांसाठी घरी मलम केलं. कोकमतेल ५० ग्रॅम (कोकणातून आलेले हाताने वळलेले गोळे), खोबरेल ५० ग्रॅम, मधमाशीचं मेण १० ग्रॅम आणि २ चमचे गुलाबपाणी. सगळं मंद गॅसवर एकत्र वितळवून डबीत ओतलं, ओट्यावरच गार होऊ दिलं. आता सकाळी डबीत बोट रुतत नाही, लावताना कण टोचतात आणि तळाशी पाणी सुटून कडेला काळे ठिपके आलेत. इकडे पहाटे पारा १० च्या खाली असतो. प्रमाण बदलू की पद्धत? सासूबाईंच्या टाचांना खोल चिरा आहेत, त्यांना चालेल का?

साबणवाली
दोन्ही बदला. आणि ती डबी टाकून द्या. वरचे ठिपके काढून खालचं वापरायचं नाही, बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

बुरशीचं कारण गुलाबपाणी. नुसतं मेण तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवत नाही. पाणी जड, ते तळाला बसतं आणि तिथे बुरशी धरते. मुळात मलम त्वचेला पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही. त्यामुळे पाणी डबीत नको, लावायच्या वेळी पायावर हवं.

कडकपणाचं म्हणाल तर कोकमतेल साधारण ३८ ते ४२ अंशांना वितळतं आणि खोबरेल २४ च्या आसपास गोठतं. तुमच्या पहाटेच्या थंडीत डबीतलं सगळंच गोठलेलं असणार. खोबरेलाऐवजी तीळतेल घ्या, ते पातळ राहतं. १०० ग्रॅमला तीळतेल ६५, कोकमतेल २०, मेण १५. जानेवारीपुरतं मेण १२ आणि तीळतेल ६८ करा. काट्यावरच मोजा, किसलेलं मेण चमच्यात कधी दाबून बसतं तर कधी सैल.

पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात स्टीलचं भांडं ठेवा. आधी मेण आणि तीळतेल घाला. मेण ६२-६४ अंशांना विरघळतं, म्हणून त्याला वेळ द्या. मग कोकमतेल घाला आणि सगळं पारदर्शक झाल्यावरही आणखी १० मिनिटं तसंच ठेवा. ही १० मिनिटं फार महत्त्वाची. कोकमतेलाचे न वितळलेले बारीक कण उरले, तर गार होताना त्यांच्याभोवतीच दाणे धरतात. सावकाश गार केल्यानेही तेच होतं. म्हणून भांडं उतरवून गार पाण्यात टेकवा, कडेला धरलेला थर खरवडत ढवळत राहा, मिश्रण गढूळ व्हायला लागलं की लगेच कोरड्या डबीत ओता आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ओतण्याआधी थंड चमच्यावर थेंब टाकून बघा. फार कडक वाटला तर एक चमचा तीळतेल वाढवा.

तुमची रवाळ झालेली डबी ओली नसती, तर पुन्हा वितळवून सुधारता आली असती.

भिरंड
वरचं प्रमाण उत्तम. फक्त गोळ्यांबद्दल एक. घरगुती कोकमतेल बिया कुटून पाण्यात उकळून काढतात, वर आलेलं तेल मुठीत दाबून गोळा करतात. गोळ्यावर बोटांचे वळ दिसतात ते त्याचेच. त्यामुळे आत थोडं पाणी आणि बियांचा चुरा राहतोच. गोळे आधी वेगळे वितळवा, मंद आचेवर तडतड पूर्ण थांबेपर्यंत ठेवा, मग मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा आणि तेव्हाच वजन करा. ही पायरी वगळली तर गुलाबपाणी न घालताही डबी खराब होऊ शकते. तेलाला खवट वास असेल तर गाळून उपयोग नाही, ते वापरू नका.

वजरी
लावण्याची पद्धतही तितकीच मोलाची. रात्री कोमट पाण्यात १० मिनिटं पाय बुडवा, कढत पाणी नको. मऊ झालेल्या कडेवर वजरी हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. टिपून घ्या आणि पाय किंचित ओलसर असतानाच मलम लावून सुती मोजे घाला. तासाभराने कोरड्या टाचेवर लावलं तर तेलाचा थर बसतो, खालची कातडी कोरडीच राहते. लिंबू आणि खाण्याचा सोडा भेगांवर अजिबात लावू नका. त्वचेचं आम्लमान (pH) ५ च्या आसपास असतं, या दोन्ही गोष्टी ते बिघडवतात आणि चिरा वाढतात.

सासूबाईंच्या चिरांतून रक्त येत असेल तर वजरी नकोच. मधुमेह असेल किंवा पायांना बधिरपणा असेल तर घरचं काहीही लावण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवा.

निफाडची_थंडी
तडतड वितळवतानाच ऐकू आली होती, पण लक्ष दिलं नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना आधी दाखवून घेते. मलमात कापूर घातला तर? आणि हेच चेहऱ्याला चालेल?

साबणवाली
कापूर नको. उघड्या चिरांवर झोंबतो आणि घरात लहान मूल असेल तर धोक्याचा. चेहऱ्याला हे फार जड, रंध्रं बुजून पुरळ येऊ शकतं. ओठ, कोपरं, बोटांच्या पेरांना मात्र खुशाल लावा. डबीत ओलं बोट घालू नका. छोटा चमचा ठेवा, आणि एका वेळी ५० ग्रॅमच करा, म्हणजे तीळतेल खवट व्हायच्या आत संपेल.