क्लार्क हे आडनाव कसं काय?

कोथरूडची काकू
लेक लीड्सला असते. परवा व्हिडिओ कॉलवर तिची शेजारीण भेटली, मिसेस क्लार्क. मी उत्साहात म्हटलं, "मी टू क्लार्क! थर्टी टू इयर्स!" बाईंना काही कळेना, लेकीने कपाळावर हात मारला. ३२ वर्षं बँकेत लेजरं भरली हो, खोटं कुठे बोलले? तर हे आडनाव आणि आपला क्लार्क एकच का? आणि एवढे क्लार्क आले कुठून, अख्खा गाव कारकुनी करायचा का?

जुना बाजार
एकच. मूळ लॅटिन 'क्लेरिकस', म्हणजे चर्चचा माणूस. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारे बहुतेक तेच, म्हणून लिखापढी करणारा तो क्लार्क. पाद्र्यांना लग्न नाही, मग पोरांना आडनाव कसं लागलं? तर खालच्या पायरीवरच्यांना लग्नाची मुभा होती. १२ ते १४ व्या शतकात इंग्लंडात आडनावं कायमची चिकटत गेली. पुढे नातू लोहारकाम करो नाहीतर शेती, तो क्लार्कच. स्पेलिंगमध्ये नोकरीला 'ई' राहिला, आडनावात 'ए' आला. पण उच्चार तिकडे दोन्हींचा 'क्लार्क'च, जसं डर्बीचं 'डार्बी'. 'क्लर्क' म्हणतात ते अमेरिकन. आपला 'हेडक्लार्क' अस्सल विलायती आहे, काकू!

रास्ता पेठ
सगळे क्लार्क इंग्लिशच असतात असं नाही. आयर्लंडातले बरेच 'ओ क्लेरी' इंग्रजी अमलात क्लार्क झाले. आणि टिळकांना १९०८ साली शिक्षा झाली तेव्हा मुंबईचा गव्हर्नर कोण? सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज त्याच्याच नावाचं.

टेकडीवरचा
थोडक्यात, आपले कुलकर्णी.

जुना बाजार
नाही जमत. कुलकर्ण हे वतन, बापाकडून मुलाकडे जाणारं. १९५० च्या कायद्याने ते गेलं. क्लार्कांचं फक्त नाव पुढे गेलं, काम नाही. त्यापेक्षा चिटणीस जवळचं.

कोथरूडची काकू
ते तुम्ही दोघं ठरवा. मी सासरची कुलकर्णी. पगाराच्या चिठ्ठीवर ३२ वर्षं 'कुलकर्णी, क्लार्क' असं छापून यायचं, माझ्या कधी डोक्यात आलं नाही! धागा लेकीला पाठवलाय. म्हणते, शेजारणीला तूच समजाव, मी मध्ये पडणार नाही.